लो-कार्ब सुरू केल्यापासून अंगावर गांध्या उठतात: दोष तेलाचा, की पाकिटावरच्या आकड्यांचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४३. शुगर बॉर्डरवर आली म्हणून दोन महिन्यांपूर्वी पोळी, भात, साखर बंद केली. वजन उतरलं. पण तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा अंगावर गांध्या उठतात, पाठीवर खाजरं पुरळ आहे ते जातच नाही, डोकं दुखतं, पोट फुगतं. रिफाइंड तेलातल्या केमिकलमुळे असं होतं, असं वाचनात आलं. शेजारच्या काकू घाण्याचं तेल घ्या म्हणतात, भाऊ ऑलिव्ह म्हणतो आणि ज्यांचे व्हिडिओ बघून सुरुवात केली ते तूप आणि खोबरेल सोडून सगळ्याला विष म्हणतात. तेल कोणतं घेऊ आणि कोणत्या अ‍ॅडिटिव्हचा त्रास आहे हे कोणत्या टेस्टमध्ये कळेल?

उत्तर लांबणार आहे, कारण तुम्ही विचारलंय एका तेलाबद्दल आणि तक्रारी आहेत चार. या चारही एकाच कारणाच्या असतील असं मला वाटत नाही. गांध्या, न जाणारं पुरळ, डोकेदुखी आणि पोट फुगणं या प्रत्येकाची वेळ वेगळी, रूप वेगळं. लो-कार्ब म्हणजे नुसती पोळी-भाताला सुट्टी नसते. त्यांच्या जागी दहा नवीन गोष्टी ताटात येतात, त्याही एकदम. मग काही झालं की बोट तेलाकडे जातं, कारण तेलाबद्दल सगळीकडे बोललं जातंय.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी तेलाची बाटली नाही, बाकीची पाकिटं मागते. रिकामी असली तरी चालतील. टेबलावर मांडली की बहुतेक वेळा असं चित्र दिसतं: चीज स्लाइस, मेयोनीज, चिकन सॉसेज, शुगर-फ्री चॉकलेट, प्रोटीन बार, बदामाचं दूध, स्टीव्हियाच्या पुड्या आणि ‘कीटो आटा’ (कीटो म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करणारा लो-कार्बचा कडक प्रकार). यातलं एकही पाकीट तीन महिन्यांपूर्वी घरात नव्हतं. तेल मात्र बहुधा तेच होतं जे दहा वर्षं चालू आहे. तुमचंही तसंच असेल तर जुन्या तेलाने दोन महिन्यांपूर्वी अचानक त्रास द्यायला का सुरुवात केली, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

आता एकेक तक्रार घेऊ.

पोट फुगणं सगळ्यात सोपं. साखर नसलेल्या चॉकलेट-बिस्किटांत गोडवा येतो तो माल्टिटॉल (आयएनएस ९६५; आयएनएस म्हणजे पाकिटावर छापलेला अ‍ॅडिटिव्हचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), सॉर्बिटॉल (४२०), झायलिटॉल (९६७), एरिथ्रिटॉल (९६८) यांच्यातून. यांना पॉलिऑल म्हणतात. माल्टिटॉल आणि सॉर्बिटॉल लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस, गुडगुड, जुलाब होतात. हे अ‍ॅलर्जीचं प्रकरण नाही, प्रमाणाचं आहे. एक तुकडा सोसतो, अर्धी वडी नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ‘जुलाब होऊ शकतात’ अशा अर्थाची सूचनाही असते. त्यातच चिकोरीच्या मुळापासून काढलेलं इन्युलिन ‘फायबर’ म्हणून घातलेलं असतं, तेही गॅस करतं. एरिथ्रिटॉल पोटाला त्यातल्या त्यात सुसह्य, कारण ते बरंचसं लहान आतड्यातच शोषलं जाऊन लघवीवाटे निघून जातं. आणखी एक, शुगरसाठी हे सगळं करताय म्हणून सांगते: माल्टिटॉल रक्तातली साखर वाढवतं, साखरेपेक्षा कमी पण वाढवतं. स्टीव्हियाच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन भरलेलं असतं, तीही कर्बोदकंच. पुडी उलटी करून वाचा.

डोकेदुखी. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांतली असती तर मी मीठ-पाण्याकडे बोट दाखवलं असतं. कर्बोदकं कमी झाली की इन्शुलिन उतरतं, मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात, त्याबरोबर पाणीही जातं. डोकं जड होतं, पोटऱ्यांत गोळे येतात, उठताना गरगरतं. याच काळात बरेच जण साखरेचा म्हणून चहाही सोडतात आणि कॅफीन सुटल्याची डोकेदुखी वेगळी सुरू होते. तुम्हाला दोन महिने झालेत, त्यामुळे हे कारण मागे पडायला हवं. तरी पातळ ताक किंवा सूप मीठ घालून रोज घेता का ते बघा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. अधूनमधून उठणारी डोकेदुखी असेल तर मुरलेलं चीज, वाइन, सॉसेज-सलामी यांच्याशी तिची गाठ जुळते का, ते तपासायचं. यांत टायरामीन, हिस्टामीनसारखे पदार्थ असतात. सॉसेज-सलामीत नायट्राइटही (२४९, २५०) असतं. मायग्रेनची प्रवृत्ती असलेल्या काहींना यांचा त्रास होतो. सगळ्यांना नाही.

अजिनोमोटोचं नाव इथे हटकून निघतं. १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका डॉक्टरांच्या पत्रातून ही बदनामी सुरू झाली. पुढे ज्यांना ‘आपल्याला त्रास होतो’ अशी खात्री होती त्यांनाच काय दिलं आहे ते न सांगता देऊन पाहिलं गेलं. रिकाम्या पोटी तीन ग्रॅमच्या वर दिल्यावर काहींना थोडा वेळ त्रास झाला, पण तोही दर वेळी नाही. जेवणातून इतकं एकदम पोटात जाणं कठीण. तेव्हा पाकिटावर ६२१ (अजिनोमोटोचा क्रमांक) बघून घाबरू नका, पण वहीत लिहा; ती वही कशी ठेवायची ते पुढे सांगते.

आता पाठीवरचं पुरळ. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण ते जात नाही असं तुम्ही म्हणता. गांधी उठते आणि काही तासांत, फार तर चोवीस तासांत, डाग न ठेवता विरते. एकाच जागी आठवडेच्या आठवडे राहणारं, पाठ, छाती, मान अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना सारखं येणारं, जाळीसारखं दिसणारं आणि मागे तपकिरी डाग ठेवणारं खाजरं पुरळ हा वेगळा आजार आहे. त्याला प्रुरिगो पिगमेंटोसा म्हणतात. १९७१ मध्ये जपानमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं, आणि कडक डाएट, उपास, कीटो यांच्याशी त्याचा संबंध आता चांगला माहीत आहे. शरीर कीटोसिसमध्ये, म्हणजे साखरेऐवजी मुख्यतः चरबीवर चालत असताना ते येतं आणि कर्बोदकं थोडी वाढवली की अनेकांचं उतरतं. नाही उतरलं तर त्वचारोगतज्ज्ञ डॉक्सिसायक्लिनसारखं औषध देतात. आपल्याकडे यावर नायटा म्हणून मलम चोपडलं जातं, किंवा ‘तेल सोसलं नाही’ म्हणून तेल बदललं जातं. या आजारात दोन्ही उपाय फुकट. मी फोटोवरून निदान करत नाही, ते माझं कामही नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि ‘मी दोन महिने लो-कार्बवर आहे’ हे आपणहून सांगा. हे वाक्य सांगायचं राहून गेलं तर निदान चुकण्याची शक्यता वाढते.

राहिल्या गांध्या. इथे खरी चौकशी लागते आणि ती घड्याळ बघून करायची. खाल्ल्यापासून काही मिनिटं ते दोन तासांत उठत असतील तर त्या जेवणातलं काहीतरी असण्याची शक्यता चांगली. पहाटे उठत असतील, खाण्याशी वेळ जुळत नसेल, तर कारण बहुधा अन्नात नाही. जुनाट पित्तात (सहा आठवड्यांच्या वर चालणाऱ्या गांध्यांना वैद्यकात जुनाट म्हणतात) बहुसंख्य रुग्णांत कोणताच पदार्थ जबाबदार निघत नाही.

जेवणाशी वेळ जुळत असेल तरी अ‍ॅडिटिव्हचा नंबर माझ्या यादीत खालचा आहे. वरचा नंबर खऱ्या अन्नाचा. कीटो आट्यात काय असतं बघा: बदाम, तीळ, सोया, जवस, गव्हाचं ग्लुटेन, इसबगोल. यातला जवळजवळ प्रत्येक घटक कोणाला ना कोणाला अ‍ॅलर्जी करणारा आहे आणि तुम्ही तो आता रोज, मूठमूठभर खाताय. पूर्वी तिळाचा संबंध संक्रांतीपुरता यायचा, आता त्याची भाकरी होते.

दुसरा नंबर माशाचा, तुम्ही खात असाल तर. बांगडा, कुपा, सुरमई या माशांच्या अंगात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर. मासा पकडल्यावर बर्फ कमी पडला की जीवाणू त्याचं हिस्टामीन करतात. मासा दिसायला ठीक, वासही कधीकधी ठीक, पण जेवण उरकतं न उरकतं तोच चेहरा लाल होतो, कानशिलं तापतात, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं, छातीत धडधडतं. कितीही खरपूस तळलं तरी हिस्टामीन नष्ट होत नाही. माणूस म्हणतो, मला माशाची अ‍ॅलर्जी झाली किंवा तेल बाधलं. पुढच्या आठवड्यात ताजा बांगडा खातो आणि काही होत नाही. एकाच ताटातला मासा खाऊन घरातल्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला असेल तर अ‍ॅलर्जीचा विचार मागे ठेवून मासळीच्या बर्फाचा विचार करा. लो-कार्बवर आल्यावर आठवड्यातून एकदाचा मासा चारदा होतो, त्यामुळे असा योगही वाढतो.

तिसऱ्या नंबरावर अ‍ॅडिटिव्ह. १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे सात टक्के लोकांनी आपल्याला अ‍ॅडिटिव्हचा त्रास होतो असं सांगितलं. त्यांतल्यांना बोलावून, काय देतोय ते न सांगता चाचणी केली तेव्हा खरा त्रास हजारात जेमतेम दोघांपर्यंत निघाला. याचा अर्थ बाकीचे खोटं बोलत होते असा नाही. त्रास खरा होता, कारण दुसरं होतं.

तरी त्या दोघांतले तुम्ही असू शकता, म्हणून ज्यांचा संशय मी गंभीरपणे घेते ते सांगते. पहिला सल्फाइट, आयएनएस २२० ते २२८. दमा असलेल्यांपैकी काहींना याने छाती आवळते, धाप लागते, आणि हे मिनिटांत होतं. लो-कार्बवर ते येतं कुठून? डेसिकेटेड खोबरं, डब्यातलं नारळाचं दूध, वाइन, गोठवलेली कोळंबी, आणि अधूनमधून खात असाल तर जर्दाळू, पिवळे बेदाणे. कोळंबी काळी पडू नये म्हणून मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवतात. दहा पीपीएम (किलोमागे दहा मिलिग्रॅम) किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर पाकिटावर लिहिणं बंधनकारक आहे. सुट्या मालावर अर्थातच काही लिहिलेलं नसतं. दुसरा गट रंगांचा. टार्ट्राझिन (१०२) आणि सनसेट यलो (११०) यांचं नाव जास्त होतं. माझ्या मते त्यांच्याहून लक्ष देण्यासारखे नैसर्गिक रंग आहेत, कारण त्यांच्यात प्रथिनाचा अंश राहू शकतो: किड्यांपासून काढलेला कार्माइन (१२०) आणि लोणी-चीजला पिवळेपणा देणारा अनाटो (१६०बी). कार्माइनची खरी, रक्तात दिसणारी अ‍ॅलर्जी नोंदलेली आहे. सॉसेजला लालसरपणा कशाचा आहे ते वाचा. बेंझोएट (२११) लोणची-सॉसमधून येतं, सॉर्बेट (२००, २०२) चीज आणि पाकिटातल्या पनीरमधून. जुनाट पित्त असलेल्या थोड्या लोकांचा त्रास याने वाढतो.

एक घरगुती पदार्थ या सगळ्यात सुटून जातो, तो म्हणजे हिंग. डबीतला बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंगात डिंक आणि मैदा किंवा कणीक मिसळून केलेला. फोडणीतली चिमूट लो-कार्बच्या हिशेबात नगण्य, पण गहू खरोखर सोसत नसलेल्या माणसाने गहू सोडूनही त्रास का थांबत नाही म्हणून डोकं खाजवायचं कारण नाही. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो.

टेस्टबद्दल विचारलंत. दोनशे-अडीचशे पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ म्हणून जी रक्ततपासणी विकली जाते ती आयजीजी नावाची प्रतिपिंडं (शरीराने बाहेरच्या पदार्थांविरुद्ध तयार केलेली प्रथिनं) मोजते. ती प्रतिपिंडं तुम्ही काय खाता हे सांगतात, काय बाधतं हे नाही. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ती निदानासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलंय. ते पैसे वाचवा. स्किन प्रिक (त्वचेवर टोचून करायची) किंवा आयजीई (अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडांची) तपासणी तीळ, बदाम, मासा, शेंगदाणा यांसाठी उपयोगी आहे, तीही संशय ठरल्यावर. बहुतेक अ‍ॅडिटिव्हसाठी अशी भरवशाची रक्ततपासणीच नाही. तिथे वही कामाला येते.

वही अशी. तीन आठवडे पाकिटातलं सगळं बंद. अंडी, ताजं चिकन, घरचं दही-ताक, घरी फाडलेल्या दुधाचं पनीर, पालेभाज्या, दुधी, दोडका, कोबी, वांगी, ओलं खोबरं. मासा खायचा तर समोर ताजा घेतलेला, नाहीतर नको. तेल बदलायचं नाही, जे चालू आहे तेच. हे बोलून दाखवल्यावर लोक नाराज होतात, पण तेलही त्याच दिवशी बदललंत तर बरं कशाने वाटलं हे कधीच कळणार नाही. तीन आठवड्यांत गांध्या थांबल्या नाहीत तर पाकिटं निर्दोष, चौकशी दुसरीकडे वळवायची. थांबल्या तर एकेक वस्तू परत आणायची, रोजच्या खाण्याइतकी, तीन दिवस, मग पुढची. ज्या वस्तूवर संशय पक्का होतो ती घरातल्या कोणाकडून तरी न सांगता एखाद्या भाजीत घालून घ्यायची, काही दिवस घालून, काही दिवस न घालता. तुम्ही वेळ आणि गांध्या लिहायच्या, त्यांनी दिवस लिहायचे, शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, धाप, चक्कर यांपैकी काहीही कधी झालं असेल तर मात्र हा प्रयोग घरी करायचा नाही. मग तो अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे, रुग्णालयातच.

आता तेल.

आधी एक गैरसमज दूर करते. कोणत्याही तेलात कर्बोदकं नसतात, त्यामुळे तेलाच्या बाटलीवर ‘कीटो’ लिहिण्याला काही अर्थ नाही. ‘कोलेस्टेरॉल-फ्री’चंही तेच. वनस्पतीच्या तेलात ते नसतंच. आणि सगळ्या तेलांच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, लाकडी घाण्याचं असो की इटलीचं.

तेलातल्या ‘केमिकल’बद्दल तुम्ही वाचलंय ते बहुधा टीबीएचक्यू, आयएनएस ३१९. तेल खवट होऊ नये म्हणून घालतात. बीएचए (३२०) आणि बीएचटी (३२१) त्याचेच भाऊबंद. आपल्याकडे तेलात टीबीएचक्यूची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. समजा तुमच्या तेलात ती काठोकाठ भरलेली आहे आणि तुम्ही दिवसाला ३० ग्रॅम तेल खाता: पोटात गेलं ६ मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.७ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२. सातवा हिस्सा झाला. यांमुळे गांध्या उठल्याच्या नोंदी आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ज्यांना नकोच आहे त्यांनी मागचं लेबल वाचून ३१९ नसलेलं तेल घ्यावं, ते मिळतं. फक्त हे लक्षात घ्या की फरसाण किंवा तळलेले काजू ज्या तेलात तळले त्यातलं ३१९ पाकिटावर दर वेळी दिसेलच असं नाही, कारण घटकातून आलेल्या अ‍ॅडिटिव्हला नियमात सूट असते.

घाण्याच्या तेलाची मी स्वतः चाहती आहे. चव, वास, फोडणीची मजा त्यात आहे. पण संवेदनशीलतेच्या प्रश्नात त्याची एक उलटी बाजू आहे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी शेंगदाण्यातल्या प्रथिनांना असते. रिफाइंड करताना प्रथिनं जवळजवळ सगळी निघून जातात, घाण्याच्या तेलात अंश राहतो. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही तेलं देऊन पाहिली: रिफाइंडने एकालाही त्रास झाला नाही, कच्च्या, म्हणजे रिफाइंड न केलेल्या, तेलाने सहा जणांना झाला. म्हणजे शेंगदाण्यावर संशय असेल तर काकूंचा सल्ला तुमच्यासाठी धोक्याचा. तिळाचंही तसंच, ते तेल बहुतेक वेळा न शुद्ध केलेलंच असतं. (जाता जाता: साजूक तुपातली भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात तिळाचं तेल मिसळणं आपल्याकडे कित्येक दशकं कायद्याने सक्तीचं होतं.)

शेंगदाण्याची भीती नसेल तर घाण्याचं तेल जरूर घ्या, पण दाणे कसे आहेत ते बघून. बुरशी लागलेल्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) घाण्याच्या तेलात उतरतं, रिफायनिंगमध्ये ते बरंचसं जातं. घाणेवाल्याकडे गेलात तर पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर पसरून बघा. सुरकुतलेले, काळपट, टोकाशी हिरवट-राखाडी पूड असलेले दाणे दिसले तर परत फिरा. शहाणा घाणेवाला तुम्हाला दाणे बघू देतो. दुसरं, या तेलात टिकवणारं काही घातलेलं नसतं, म्हणून पाच लिटरचा कॅन घेऊन गॅसच्या शेजारी ठेवायचा नाही. एक लिटर घ्या, स्टीलच्या डब्यात किंवा गडद बाटलीत, अंधारात ठेवा, महिना-दीड महिन्यात संपवा. ३१९ नको म्हणून घाण्याचं आणायचं आणि चार महिने खवट झालेलं खायचं, हा सौदा मी पुष्कळ घरांत पाहिलाय.

बाकी तेलांचं थोडक्यात. शेंगदाणा तेलात जवळपास निम्मी एकअसंतृप्त चरबी, सुमारे एक तृतीयांश बहुअसंतृप्त, राहिलेली संतृप्त. रोजच्या फोडणीला इतकं समतोल तेल आपल्या मातीतच आहे. करडईत लिनोलेइक आम्ल (तापवल्यावर लवकर बिघडणारी ओमेगा-६ चरबी) तीन चतुर्थांशाच्या आसपास, त्यामुळे ती तापवत बसायची नाही. सोलापूर-मराठवाड्याकडे चटणीवर, ठेच्यावर कच्चंच घालतात, तोच तिचा उत्तम उपयोग. जवसाचं तेल तर गॅसपाशी नेऊच नका. सूर्यफूल आणि सोयाबीन ओमेगा-६ मुळे शरीरात दाह करतात असं तुमच्या व्हिडिओवाल्यांनी सांगितलं असेल. माणसांवर झालेल्या प्रयोगांत लिनोलेइक आम्ल वाढवून दाहाचे निर्देशांक वाढलेले दिसत नाहीत. त्या तेलांशी माझं भांडण वेगळं आहे: ती तळणीत पुन्हापुन्हा तापवली जातात. हॉटेलांसाठी नियम आहे की तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल तापून बिघडताना तयार होणारी) २५ टक्क्यांवर गेली की ते टाकायचं. घरात ते मोजायचं यंत्र नसतं, म्हणून साधा नियम: उरलेलं तळणाचं तेल पुन्हा तळायला नाही, गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा. काळं, चिकट किंवा फेसाळ झालं असेल तर तेही नाही.

तूप आणि खोबरेल विषही नाही, अमृतही नाही. खोबरेलात दहातले नऊ भाग संतृप्त चरबी, तुपात सहाच्या आसपास. दोन्ही तापायला टिकाऊ आहेत. पण लो-कार्बवर काहींचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) चांगलंच उसळतं, विशेषतः जे कॉफीत चमचे-चमचे ढवळतात त्यांचं. सुरुवात करताना लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) केलं नसेल तर आता करा आणि तीन महिन्यांनी परत. एलडीएल चढलं तर तूप-खोबरेल कमी करून शेंगदाणा, ऑलिव्ह, मोहरी यांच्याकडे वळायचं. न चढलं तर भाजीवर चमचाभर साजूक तूप सुखाने घ्या. मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल जास्त असतं, म्हणून अमेरिकेतल्या दुकानात त्याच्या बाटलीवर ‘फक्त बाहेरून वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं. तिकडच्या वाचकांना तो प्रश्न हमखास पडतो. आलटूनपालटून वापरणाऱ्याने फार काळजी करू नये.

ऑलिव्हबद्दल भावाचं अर्धं बरोबर. एक्स्ट्रा व्हर्जिन उत्तमच, मंद-मध्यम आचेवरची भाजी त्यात होते. पण ‘कुकिंग’ म्हणून स्वस्तात मिळतं ते पुष्कळदा पोमेस असतं, म्हणजे चोथ्यापासून काढून रिफाइंड केलेलं. रिफाइंड टाळायचं म्हणून चारपट पैसे देऊन दुसरं रिफाइंडच आणलं, असं होतं.

माझी निवड विचाराल तर: दाण्याची अ‍ॅलर्जी नाही हे नक्की झालं की रोजचं शेंगदाण्याचं, कधी तीळ किंवा मोहरी, वरून थोडं तूप. संशय असेल तोवर रिफाइंड. किती, हे मात्र तुमच्या ध्येयावर. वजन उतरवायचं असेल आणि अंडी, पनीर, सुकामेवा रोज असेल तर वरचं तेल-तूप मिळून चार-पाच छोटे चमचे पुरतं. कडक कीटो करणाऱ्याचं गणित वेगळं.

औषधांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. शुगर बॉर्डरवर म्हणता, तरी काही जणांना आधीच गोळी सुरू केलेली असते. त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं ‘ग्लिफ्लोझिन’वर संपणारं नाव असेल तर कर्बोदकं इतकी कमी करणं धोक्याचं आहे. शुगर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्त आम्लयुक्त होण्याची जीवघेणी अवस्था) होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल श्वास अशी लक्षणं असली तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन असेल तर शुगर एकदम खाली जाण्याची भीती, डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो. गोळीचं नाव आणि लिपिडचा रिपोर्ट कळवा. पुरळ त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून झालं की मगच तीन आठवड्यांची वही सुरू करा, कारण त्यांनी कर्बोदकं वाढवायला सांगितली तर जेवणाचा आराखडाच बदलेल.